आदिनाथचा खांदा

माझा स्वभाव तापट आहे हे अख्ख्या गावाला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते, त्या दिवशी मी कुणाला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं.

माझं माहेर पारनेर तालुक्यातलं. चैत्री पौर्णिमेला तिथं खंडोबाची यात्रा भरते. पालखीला आठ खांदे, आठ घरांना वाटून दिलेले. पुढचा उजवा खांदा आमच्या घराचा. वडिलांनी तो बत्तीस वर्षं दिला. ते गेल्यावर माझा धाकटा भाऊ आदिनाथ उभा राहिला. गावाचा नियम असा, की खांदा घरच्या मुलानंच द्यायचा, आणि लागोपाठ तीन यात्रा तो आला नाही तर मान दुसऱ्या घराला जातो. आदिनाथ एक यात्रा करून जपानला गेला. दोन यात्रा हुकल्या. यंदाची तिसरी होती.

तो तिथं समुद्राकाठच्या एका खेड्यात मासे सुकवायच्या कारखान्यात काम करतो. दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि मोबाईल हातात धरून आम्हाला गाव फिरवायचा. इकडून आई पारनेरला आणि मी राहात्याला, माझ्या सासरी. माझे मालक कल्याण पेरूच्या बागेतून येईपर्यंत मी आणि माझी सहा वर्षांची सुकन्या जपानात असायचो. पांढरं दीपगृह बघायचं, बनियनसारखे दोरीवर वाळत घातलेले मासे बघायचे, डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या त्याच्याबरोबर मोजायच्या. समुद्रात एक लाल कमान उभी आहे, तिच्यातून सूर्य उगवताना बघायला लांबून लांबून माणसं येतात म्हणे. आम्ही आयुष्यात मोठं पाणी बघितलं ते मुळा धरणाचं. सुकन्या विचारायची, "मामा, ह्या पाण्याचा पलीकडचा काठ कुठाय?" तो म्हणायचा, "तुझ्या घराच्या मागं." पोरगी खरोखर मागच्या दाराला जाऊन बघून यायची.

गेल्या वर्षी त्यानं तिथली यात्रा दाखवली. त्यांच्याकडंही देवाची पालखी असते, मिकोशी म्हणतात तिला. गावातून नाचवत नेतात आणि तशीच समुद्रात घालतात, कंबरभर पाण्यात. आदिनाथ कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होता. मी म्हटलं, आपल्यासारखंच आहे की. तर म्हणाला, "आपल्यापेक्षा कडक हाय, तायडे. दोन महिने आधी देवळातल्या फळीवर नावं लागत्यात. नाव लागलं की रोज सांजच्याला सराव. यात्रा हुईस्तोवर गाव सोडायचं न्हाई. आमच्यासारख्या परक्याला कोन इचारतंय." त्याचा चेहरा एवढासा झाला होता. मला वाईट वाटलं, म्हटलं जाऊ दे, तुझा खांदा इकडं तुझी वाट बघतोय.

यंदा तो येणार होता. संक्रांतीलाच म्हणाला होता, येतो म्हणून. त्या भरवशावर मी पाडव्याच्या बैठकीला माहेरी आले. यात्रेचा सगळा विचार पाडव्याला देवळात बसून होतो. शेजारच्या भावकीतला बिभीषण उठला आणि सरळ म्हणाला, "दोन वर्सं पुढचा खांदा आमीच उसना देतोय. यंदा बी त्यो आला न्हाई तर आमच्या नावानं करा." काही वावगं बोलला नव्हता. पण मी उसळले. म्हटलं, "बिभीषणभाऊ, माझा बाप बत्तीस वर्षं त्या दांडीखाली झिजला. तुमचा डोळा कवापासून हाय तिच्यावर?" लोक हसले, त्याचं तोंड उतरलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

यात्रेचे कारभारी गोरक्षनाथ अण्णा, वयस्कर माणूस. ते म्हणाले, भांडण नको, घरच्या कुणीतरी बेल-भंडार उचलून सांगा की आदिनाथ येणार, म्हणजे मिटलं. बेल-भंडार म्हणजे खंडोबासमोर बेलाचं पान आणि भंडारा हातात घेऊन शपथ घ्यायची. आमच्याकडं ती कोर्टातल्या शपथेपेक्षा मोठी. खोटी ठरली तर वर्षाच्या आत उचलणाऱ्याच्या घराला बाधते, असं मानतात.

अण्णा आईकडं वळले. "भागूबाई, घर तुझं, तू उचल."

आई म्हणाली, "माझं हात थरथरत्यात, अण्णा. ज्योती उचलंल."

तिनंच बेलाचं पान माझ्या तळहातावर ठेवलं आणि वर चिमूटभर भंडारा टाकला. मी म्हटलं, माझा भाऊ यात्रेला येऊन खांदा देणार. खणखणीत म्हटलं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. आईचा हात मला तेव्हा थरथरताना दिसला नाही, पण असल्या गोष्टी आपण आपल्या माणसाच्या बघत नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी आदिनाथचा फोन आला. "तायडे, सुट्टी न्हाई मिळाली गं. सायेब ऐनवेळी न्हाई म्हनला." मी त्या साहेबाचा सात पिढ्यांचा उद्धार केला. आदिनाथची समजूतसुद्धा मीच काढली. म्हटलं, तू मनाला लावून घेऊ नको, गावाचं मी बघते. देवासमोर बोललेले शब्द खोटे पडले होते, आणि मी त्याला म्हणत होते, जेवून घे.

यात्रेच्या दिवशी दुपारी मी आईकडं पुरण वाटत होते. सुकन्या माझ्या मोबाईलवर त्याच गावाचे व्हिडिओ बघत होती. त्या गावानं पर्यटकांसाठी नेटवर एक पान चालवलेलं आहे, दीपगृह, देऊळ, फुलं, सगळं त्यावर येतं. पोरीला त्याचा नाद. एकदम म्हणाली, "मम्मी, मामा."

मी पुरणाच्या हातानंच मोबाईल घेतला. दोन्ही बाजूला गुलाबी फुलांची झाडं, मधून मिकोशी येत होती. निळ्या अंगरख्यांतले गडी, कपाळाला पट्ट्या. आणि पुढच्या उजव्या खांद्याला आमचा आदिनाथ. घामानं थबथबलेला, हसत होता. तोंडानं त्यांची आरोळी देत होता. मी चार वेळा बघितलं. तारीख आजची, सकाळची.

मग मी हिशेब लावला. फळीवर नाव लागतं दोन महिने आधी. मी बेल-भंडार उचलला पंधरा दिवसांपूर्वी. म्हणजे मी देवापुढं उभी होते तेव्हा त्याचं नाव तिकडं लागून दीड महिना झाला होता, आणि नाव लागल्यावर गाव सोडायचं नाही, हे मला त्यानंच सांगितलं होतं. सुट्टी नाकारली नव्हती कुणी. मागितलीच नव्हती.

फोन लावला. मागं लोकांचा गलका होता, जेवणावळ चालली असावी.

म्हटलं, "कसा झाला खांदा?"

गलका मागं पडला, तो बाजूला आला असावा. मग म्हणाला, "तायडे, हितं तीन वर्सं मी गल्लीतनं जायचो तर मान्सं नुसती मान हलवायची. आता नावानं हाका मारत्यात. कारखान्याच्या मालकानं स्वता माझं नाव सुचवलं. न्हाई कसं म्हनू?"

"मग मला न्हाई म्हनायचं हुतंस की. फेब्रुवारीत. मी बेल-भंडार उचलला, आदिनाथ."

"तू उचलशील हे मला काय म्हाईत? आईला मी तवाच सांगितलं हुतं, नाव लागलं त्या दिवशी. ती म्हनली, ज्योतीला सांगू नको, ती तोंडाळ हाय, गावात बोलून बसंल."

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. त्याच्यावरचा राग मला समजत होता. एकटा पोरगा, परका मुलूख, कुणीतरी आपलं म्हटलं आणि भुलला. भाऊ लबाड निघाला एवढंच. पण दुसरं जे ऐकलं ते मला उभ्यानं पेलेना. मी फोन ठेवला.

आई चुलीपुढं पोळ्या लाटत होती. मी तिच्यापुढं बसले. "आई, तुला म्हाईत हुतं त्यो येनार न्हाई."

तिनं पोळी तव्यावर टाकली. "वाटलं, यील ऐनवेळी."

"मग तू का न्हाई उचललास?"

"उचलला नसता तर त्याच दिवशी खांदा गेला असता."

"त्ये न्हाई इचारलं. तू का न्हाई उचललास? माझ्या हातात का दिलास?"

तिनं पोळी उलटली. माझ्याकडं बघितलं नाही. बोलली अगदी साध्या आवाजात, जशी पूर्वी ऊसतोडीच्या टोळीतल्या बायकांना काम वाटून द्यायची तशी. "मी उचलला असता तर ह्या घराला बाधला असता. आदिनाथ परमुलखात एकला हाय. तू दिल्या घरची. लेकीची शपत तिच्या सासरला लागती."

आठ वर्षं देवाला नवस करून झालेली माझी पोरगी बाजूला बसून पुरण चाटत होती. आई तिच्याकडंच बघत होती, आणि बघूनही तिनं ते वाक्य परत घेतलं नाही.

मी उठले, हात धुतले आणि देवळात गेले. अण्णांना सगळं खरं सांगितलं, फक्त आईचं शेवटचं बोलणं नाही सांगितलं. ते माझ्या तोंडून निघेना. अण्णा म्हणाले, "मोडली त्यानं, पन उचललीस तू, पोरी." बिभीषण तिथंच होता. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी लई वाईट बोलले. खांदा तुमच्या घराचा." त्यानं वहाणा काढल्या आणि दांडीखाली गेला. पालखी उठली. माझ्या बापाचा खांदा माझ्या डोळ्यांदेखत वेशीकडं गेला. मी रडले ते मात्र त्यासाठी नाही.

संध्याकाळच्या गाडीनं निघाले. आई दारात भंडाऱ्याची वाटी घेऊन उभी होती. यात्रेहून जाणाऱ्या लेकीच्या पोराच्या कपाळाला भंडारा लावून पाठवायची आमच्याकडं रीत आहे.

"नातीला लावू दे की," ती म्हणाली.

मी सुकन्येला उचलून पलीकडच्या कडेवर घेतलं.

"लावलायस की. माझ्या सगळ्या घराला लावलायस."