लिंबाखालचं रिकामं घर

लिंब कोसळला तेव्हा राहीबाई आरतीच्या ओसरीत तिचं लेकरू मांडीवर घेऊन बसल्या होत्या, म्हणून वाचल्या. भर दुपारी वारं सुटलं, पत्रे थडथडले, आणि कुणी पाठीत लाथ घालावी तसा काकासाहेबांच्या अंगणातला तो थोराड लिंब शेजारच्या घरावर तोंडघशी पडला. घर हनुमंत आणि लंकाबाईचं. सहा हंगाम ऊस तोडून, वर फायनान्सचं कर्ज काढून बांधलेलं. दोघंही कोल्हापूरकडं तोडीवर होती. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत हलायची सोय नव्हती. घर राखायला मागं राहिली होती ती हनुमंताची आई, राहीबाई.

झाड काही आपसूक पडलं नव्हतं, हे आरतीला पक्कं ठाऊक होतं. काकासाहेबांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, संडासाच्या टाकीसाठी खड्डा घेतला तेव्हा लिंबाची एका अंगाची मुळं कुऱ्हाडीनं तोडून काढली होती. दिवाळी झाल्यावर तोडीला निघताना हनुमंत म्हणाला होता, "काका, झाड कललंय बगा. तोंड आमच्याकडं हाय त्याचं. फांद्या तरी उतरवा."

"मग तुजं घर सरकव की जरा," काकासाहेब म्हणाले होते, आणि बसलेले सगळे खो-खो हसले होते. आरती चहा देत होती. ती हसली नव्हती. रिकामे कप उचलून आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी लंकाबाईचा फोन आला. "आरती, कर्जाबरुबर घराचा इमा काढल्याला हाय म्हनं. सासूबाईंच्या पेटीत कागद हाय. तू शिकल्याली, वाच जरा. आमाला काय मिळतंय का बग."

वाचणं हा आरतीचा स्वभावच. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंसुद्धा दोनदा वाचल्याशिवाय ती लेकराला चमचा लावत नसे. ढिगाऱ्यातून पेटी काढली, आणि राहीबाई तिकडं भांडी वेचत असताना ओसरीत सासऱ्यांसमोर बसून तिनं कागद पहिल्यापासून मोठ्यानं वाचायला घेतला. झाड पडून घराचं नुकसान झालं तर भरपाई मिळेल. चूक दुसऱ्या कुणाची असेल तर दिलेली रक्कम कंपनी त्याच्याकडून वसूल करेल. घर सलग तीस दिवसांहून अधिक रिकामं असेल तर काहीही मिळणार नाही.

काकासाहेबांची सुपारी तोंडातच थांबली. "ते वसुलीचं परत वाच."

तिनं वाचलं.

"आन् आता ते तीस दिवसांचं."

तेही वाचलं, आणि वाचता वाचताच आपण काय करून बसलो ते तिला कळलं. "पण मामा, घर रिकामं कुठं होतं? आज्जी तिथंच झोपतात. चूल त्यांची तिथंच."

"दिवसभर तर आपल्या ओसरीत पडल्याली असती. कंपनीनं हनुमंताला पैसं दिलं की ती माज्या नरड्यावर बसनार. तूच वाचलं ना?" काकासाहेब शांतपणे पिचकारी टाकून आले. "जूनमदी सुप्याला जायाचंय ना तुला? सुनीलला सांग मग, खोली बगू नको म्हनून. मी कंपनीचं भरू का तुमची खोली?"

आरतीचा नवरा सुनील सुप्याच्या कारखान्यात होता, रविवारी यायचा. लेकरू रांगायला लागलं होतं आणि टाकीवर अजून झाकण नव्हतं. दिवसातून दहादा ती भाकरी तव्यावर टाकून अंगणात धावायची. जून येईपर्यंत ती एकेक दिवस ढकलत होती.

"खोटं बोल म्हनत न्हाई मी," सासरे म्हणाले. "गप बस नुसती. म्हातारी आपल्या तोंडानंच सांगती का न्हाई, बग."

गुरुवारी कंपनीचा सर्व्हेअर मोटारसायकलवर नगरहून आला. ढिगाऱ्याचे फोटो काढले, चहा घेतला, आणि कागद मांडीवर ठेवून त्यानं विचारलं, "आजी, तुम्ही कुठं राहता?"

राहीबाईंनी पदर सारखा केला. पुढचं उत्तर आरतीला ठाऊक होतं. लेक-सून तोडीला आणि म्हातारी मागं एकटी चटणी-भाकर खाते, हे परक्या माणसाला या गावातली कुठलीच म्हातारी सांगत नाही. लेकाच्या तोंडाला काळं लागतं.

"मी व्हय? मी तर ह्यांच्यातच," राहीबाई म्हणाल्या. "काकासायेब पोटच्या लेकावानी बगतो. मला सोडून घास खात न्हाई."

"मग ते घर दिवाळीपासून बंद होतं?"

"बंदच की! हनुमंत मला ह्यांच्या हवाली करून, कुलूप लावून गेला. लई जीव त्याचा माज्यावर. एकटीला कशाला ठिवील?"

"आमची आईच समजा, सायेब," काकासाहेब म्हणाले, आणि वाकून त्यांनी म्हातारीच्या पायांना हात लावला. राहीबाईंचे डोळे भरून आले.

पण सर्व्हेअर काही नवखा नव्हता. "चुलीत राख दिसली मला. जुनी वाटली नाही." तो आरतीकडं वळला. "ताई, तुम्ही शिकलेल्या दिसता. आजी रात्री तिथं झोपायच्या का?"

आता गप्प बसून भागणार नव्हतं. सासरे दाराच्या चौकटीकडं बघत होते. राहीबाई मात्र थेट तिच्याकडं बघत होत्या, हात जोडल्यासारख्या नजरेनं: माझ्या लेकाची लाज काढू नको, पोरी. 'आज्जी, विम्याचे पैसे जातील' एवढं एक वाक्य पुरे होतं. ते अगदी दातांपर्यंत आलं.

"नाही," आरती म्हणाली. "इकडंच झोपतात. राख माझी आहे. किल्ली माझ्याकडंच असते, बाळाचं पाणी तापवते मी तिकडं."

राहीबाईंचा अंगठा झाला. साक्षीदार म्हणून आरतीनं खाली सही केली, पूर्ण नावानिशी, सुवाच्य.

मोटारसायकल वळणाआड गेल्यावर राहीबाई जवळ आल्या. आरतीच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवून त्यांनी कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. "माज्या लेकाची अब्रू राखलीस, माय. औक्षवंत हो."

तेवढ्यात फोन वाजला. उसाच्या फडातून लंकाबाई बोलत होती, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "आरती, सायेब येऊन गेला का? सगळं नीट सांगितलं ना त्याला? सासूबाईंना काय बोलायचं ते कळत न्हाई. तू हाईस म्हनून मला घोर न्हाई."

"आज्जींनीच सांगितलं सगळं, वहिनी," आरती म्हणाली. "मी फक्त सही केली."