अंगणातली बादली

सात मिनिटांत पाणी अर्धं बोटही उतरलं नाही. संडासाच्या भांड्याच्या कडेला जिथं टवका उडाला होता, तिथंच ते बसून होतं, वर राखाडी साय धरून. सिद्धम्मा दारात उभी राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. वाट पुरती बंद नव्हती. खाली कुठेतरी सुईएवढी फट असावी, तेवढ्यातून पाणी झिरपत होतं.

"तितं उबं ऱ्हाऊन उतरणार हाय का ते?" सासूबाई शांतम्मा ओसरीवरून म्हणाल्या. "गुरुपाद गेलाय धुरपताबाईला आणायला. तू सरक."

सिद्धम्मा सरकली नाही. ती आत्ताच ड्युटीवरून आली होती आणि अजून तिची आंघोळ व्हायची होती. पालमच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागल्याला तिला सोळा वर्षं झाली होती. सोळा वर्षं तिची बादली अंगणात, पेरूच्या झाडाखाली भरून ठेवलेली असे. कुणाचं बाळंतपण करून आलेलं अंग घरात चालत नव्हतं. थंडी असो, ताप असो, आधी झाडाखाली दोन तांबे ओतायचे, मगच उंबरा. पगाराच्या पाकिटाला मात्र आंघोळ लागत नव्हती. ते तसंच आत जायचं.

दवाखान्याच्या आवारात नर्ससाठी दोन खोल्यांची क्वार्टर होती. ती घ्यायची का, असं तिला याआधी दोनदा विचारलं गेलं होतं. दोन्ही वेळा नवरा, गुरुपाद, म्हणाला, बाजारात आमचं कापडाचं दुकान, लोक म्हणतील घर फुटलं. दोन्ही वेळा ती नाही म्हणून आली. काल दवाखान्याचे क्लार्क माणिकराव म्हणाले होते, "सिस्टर, उद्या दुपारपर्यंत सांगा. न्हाईतर खोली दुसऱ्याला जातीय." घरी अजून तिनं हे काढलंच नव्हतं. मुलगी नांदेडच्या वसतिगृहात होती. सुट्टीत आली की तीही विचारायची, आई, तू अजून बाहेरच न्हातेस?

गुरुपाद परत आला तो तोंड आंबट करून. त्याच्यामागून धुरपताबाई आली. पूर्वी या घराच्या संडासातलं मैल्याचं टोपलं ती उचलायची, तेव्हा मागच्या बोळातून यायची. पाच वर्षांपूर्वी टाकीचा संडास झाला आणि तिचं येणं थांबलं. आज ती पुढच्या दारानं आली.

"यायचं न्हाई, हे सांगायला आले," ती म्हणाली. "तुमी चारचौघांत हाक मारलाव, मनून दारात येऊन सांगायले. ते काम आमी सोडलंय."

"फुकट कर म्हणायलो का? पैसे देतो की."

"तवाबी देतच व्हताव. शिळ्या भाकरीसंगं."

"नामांतराचा मोर्चा निघाल्यापासून लय चढायलीस तू."

"मोर्चात मी न्हवते, अप्पा. गुडघे दुखायलेत. पुढच्याला जाईन." मग तिनं मान वाकडी करून लांबूनच भांड्यात पाहिलं. "अम्मा, राख टाकायलाव का अजून?"

शांतम्मा म्हणाल्या, "तूच सांगितलीस की, संडासला गेल्यावर मूठभर टाकत जा मनून."

"ते टोपल्याला, अम्मा. राखंनं टोपल्याला चिकटत न्हवतं, वास दबायचा. आता टोपलं कुटं हाय? पाच वर्साची राख आत बसली आसंल, सिमिटावानी."

एवढं बोलून ती पुढच्याच दारानं निघून गेली. तिच्या पाठीकडे बघताना सिद्धम्माला स्वतःचाच संताप आला. ही बाई दोन वाक्यांत मोकळी झाली. आपल्याला एवढी वर्षं काय झालं होतं?

"माज आलाय," शांतम्मा म्हणाल्या. "जाऊंद्या. सिद्धम्मा करंल. तिला सवय हाय."

"व्हय," गुरुपाद म्हणाला. "दवाखान्यात ह्याच्याहून घाण काढतीस तू."

"तितं मी बाळं काढते," सिद्धम्मा म्हणाली.

गुरुपाद दुकानाच्या किल्ल्या शोधू लागला.

तिनं पदर खोचला. हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. आधी बांबूची कामटी घेऊन भांड्याच्या वाकणात घातली आणि जिथं टणक लागलं तिथं खरवडत राहिली. राखेचे खडे सुटे होऊन वर आले, ते डब्यात काढले. मग काठीच्या टोकाला गोणपाट गुंडाळून दट्ट्या केला आणि वर-खाली, वर-खाली दाबायला लागली. पाणी तोंडावर उडालं. तिनं खांद्याला तोंड पुसलं आणि पुन्हा दाबलं. प्रत्येक दाबाबरोबर तिच्या मनात तो एकच शब्द येत होता. सवय. सवय. खांदे भरून आले तेव्हा आतून घशात अडकल्यासारखा आवाज झाला आणि सगळं पाणी एकदम खाली गेलं. तिनं एक बादली ओतून पाहिली. अकरा सेकंद.

ती अंगणात आली. बादली रोजच्यापेक्षा चार हात लांब सरकवलेली होती.

"दोन बादल्या घे," शांतम्मा म्हणाल्या. "लुगडं तिकडंच टाक. आन् आज आत येऊच नको. चूल न्हाई, पूजा न्हाई. ताट वसरीवर देते."

"आत्याबाई, आपण लिंगायत. गळ्यात लिंग असल्यावर सुतक नसतंय म्हणतात."

"सुतक येगळं, घाण येगळी."

"ती घाण माझ्या एकटीची हाय का?"

शांतम्मांनी तोंड फिरवलं. गुरुपाद दारातून म्हणाला, "एका दिवसाचा तर प्रश्न हाय. ताणू नको. हळू बोल, गल्ली ऐकायलीय."

सिद्धम्मानं हाताच्या पिशव्या सोडल्या. साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्या, नखं, एकेक करून, दवाखान्यात धुते तसे. शेजारच्या भिंतीवरून कुणाचं तरी डोकं वर आलेलं तिला दिसलं. तिनं आवाज कमी केला नाही.

"अहो, मी दवाखान्याची क्वार्टर घ्यायलेय. माणिकरावांना आता जाऊन सांगते, आजपासून तितंच ऱ्हाणार. तुमाला यायचं आसलं तर या. न्हाणी आत हाय."