नव्व्याण्णव टक्के प्राण

मध्य प्रदेशातल्या धारमधल्या एका लग्नाच्या हॉलबाहेर संक्रांतीच्या सकाळी दोनशे माणसं टीव्हीकडे डोळे लावून उभी होती. पडद्यावर क्रिकेट नव्हतं. एक बोट होतं, बोटाला चिमटा आणि चिमट्यावर आकडा: ९९.

"श्वासानंद महाराज की जय!" गर्दी ओरडली.

बोट भवानीबाईंचं होतं. त्यामुळे त्यांचे यजमान गणपतराव, बांधकाम खात्यातले निवृत्त हेडक्लार्क, टीव्हीला जवळजवळ चिकटून उभे होते. ही बाई देवाची आरतीसुद्धा बांगड्या मागेपुढे केल्याशिवाय ऐकत नसे. आणि ते बोट गेली दहा मिनिटं हललं नव्हतं.

चूक गणपतरावांचीच होती. महाराजांनी हॉलच्या तळघरात 'प्राणगुहा' काढली होती. दारं-खिडक्या बंद, मधोमध बिनधुराचा अग्नी, आसनावर महाराज, समोर चार भक्त, एक तास. बाहेरच्या हवेची गरज नाही, प्राण महाराज पुरवणार. डोकं दुखलं तर पाप निघतंय, उलटी झाली तर अहंकार पडतोय, शुद्ध हरपली तर समाधी. एकही लक्षण वाया जात नव्हतं.

गणपतरावांनी गेल्या आठवड्यात करोनातलं ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर कपाटातून काढलं आणि भर सभेत आव्हान दिलं, "कोंडलेल्या खोलीत प्राणवायू उतरणारच. आकडा पडला की महाराजांनी गाशा गुंडाळायचा!"

मशीन एका भक्ताच्या बोटाला लावून त्याला गुहेत बसवलं. तासाभरानं भक्त पडला. आकडा पडला नाही.

"देखो भगतों," महाराज म्हणाले, "साइंस ने भी हाथ जोड़ लिए!"

दुसऱ्या दिवशी गर्दी चौपट झाली. भवानीबाई म्हणाल्या, "तुमच्याच मशीननं सांगितलं. आता तरी अडवू नका."

"दादा, वहिनी कुठाय?"

गणपतराव दचकले. धाकटी बहीण विद्युल्लता देवासहून सणाला आली होती, ती पिशवीसकट थेट इथेच. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेली बाई.

"आत आहे. पण नव्व्याण्णव आहे गं."

"आत अग्नी कसला?"

"लाकडी कोळशाची शेगडी. धूर नाही, हाच तर चमत्कार म्हणतात."

विद्युल्लतेच्या हातातली पिशवी खाली पडली. "दार फोड."

"अगं, पण आकडा..."

"तो आकडा प्राणवायूचा नाही, दादा! फोड दार!"

दाराशी पट्टशिष्य वीरेंद्र आडवा झाला. "काकाजी, समाधी टूट जाएगी! नंबर तो देखो, निन्यानवे!"

"मग तू का नाही आत बसलास?" विद्युल्लतेनं विचारलं.

"मेरा उपवास है."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत गणपतरावांनी परवानगीशिवाय एकही दार उघडलं नव्हतं. त्यांनी वीरेंद्रला बाजूला ढकललं आणि दाराला खांदा दिला. दुसऱ्या धक्क्याला कडी निखळली.

आत धूर नव्हता, वास नव्हता, आवाजही नव्हता. चार बायका भिंतीशी कलंडल्या होत्या. भवानीबाईंचे गाल नवरीसारखे गुलाबी दिसत होते. गणपतरावांना सगळ्यात जास्त भीती त्या गुलाबी रंगाची वाटली. त्यांनी हाक मारली, खांदा हलवला, पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. बोटावर ९९.

चौघींना उचलून मोकळ्या हवेत आणलं. महाराज मात्र ठणठणीत बसलेले. विद्युल्लतेनं त्यांच्या आसनामागचा भगवा पडदा ओढला. भिंतीतून रस्त्यापर्यंत काढलेला जाडजूड पाइप निघाला, तोंड बरोबर महाराजांच्या नाकाशी. त्या पाइपातून नाक्यावरच्या पोह्यांचा वास येत होता.

पोलीस जीपमध्ये बसवताना महाराजांनी एकच विनंती केली: काच जरा खाली ठेवा.

दवाखान्यात चौघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, थांबावं लागेल. व्हरांड्यात गणपतराव येरझारा घालत होते. त्यांना घेऊन आलेला ऑटोवाला गोलू परत गेलाच नव्हता.

"मौसी, मशीन झूठ बोली क्या?" त्यानं विद्युल्लतेला विचारलं.

"नाही रे. रक्तात हिमोग्लोबिन असतं. चार सीटांची तुझी ऑटोच समज. दर सीटवर लोखंडाचा एक कण. प्राणवायू फुप्फुसात चढतो आणि मेंदूपाशी, हृदयापाशी उतरतो. कोंडलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो सीटला दोनशेपट घट्ट धरतो, लवकर उतरत नाही आणि शेजारच्या प्राणवायूलाही धड उतरू देत नाही."

"मतलब गाडी फुल, और घर कोई पहुँचा नहीं?"

"अगदी तेच. हे मशीन बोटातून उजेड सोडून रक्ताचा लालपणा बघतं. दोघांपैकी कुणीही बसलं तरी रक्त लालच. गाडी भरलेली आहे एवढंच त्याला कळतं, आत कोण बसलंय ते कळत नाही."

दुपारपर्यंत बाकीच्या तिघी शुद्धीवर आल्या. तिसऱ्या प्रहरी भवानीबाईंनीही डोळे उघडले. त्यांनी गणपतरावांकडे पाहिलं. मग त्या पुटपुटल्या, "अहो, तिळगूळ राहिला."

फाटकाशी भक्तांचा घोळका उभा होता. "साहेब, आकडा तर तुम्हीच दाखवला होता!"

"हो, मीच दाखवला," गणपतराव म्हणाले. "आकडा दिसला म्हणजे विज्ञान झालं, असं मला वाटलं. हे मशीन नक्की काय मोजतं, ते मी कुणालाच विचारलं नाही. माझी बायको त्यात जाणार होती. थंडीत शेगडी पेटवून कुणी दारं लावली असतील, तर आत्ता घरी जा आणि उघडा. आणि आपलं माणूस हाकेला ओ देत नसेल, तर मशीनकडे बघत बसू नका, महाराजांकडेही नाही. आधी त्याला बाहेर काढा."