लाल डोळ्याचा नळ

या, जरा पुढे सरकून बसा. दारातल्यांनीही आत या, जागा होईल. आज एका नळाची गोष्ट सांगतो. हात पुढे केला की आपोआप पाणी सोडणारा, चावी नसलेला नळ. त्याच्यापायी एका बाईची आपल्या पाच वर्षांच्या लेकीपासून ताटातूट व्हायची वेळ आली होती. ऐकताना देवाला मात्र बोल लावू नका. त्या बिचाऱ्याचा यात काडीचा संबंध नव्हता.

दुपारचे चार वाजले होते आणि तिसऱ्या मजल्यावरच्या त्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खा जिना आत लोटला होता. दोन बायका तर ओट्यावरच चढून बसल्या होत्या. सगळ्यांच्या माना सिंककडे. सिंकमधल्या जाळीवर घासून लख्ख केलेला एक स्टीलचा गडू. नळासमोर कुणाचा हात नाही, बोट नाही, आणि नळातून धो धो पाणी.

"मातोश्रींना तहान लागली," उदकस्वामी डोळे मिटून म्हणाले.

धार मिनिटभर चालली, थांबली, पुन्हा सुरू झाली. भिंतीला टेकलेल्या नणंदेला हुंदका आवरेना. तिच्या आईला जाऊन पुरता महिना झाला नव्हता.

"आता हिला उभी करा. रोज घासतेस तशीच घास गं बाई, काही वेगळं करू नकोस."

स्वामींच्या तोंडची 'ही' म्हणजे सून. स्वामींनी गडू उचलून बाजूला ठेवला. सुनेने हातात रोजचे काळे रबरी मोजे चढवले आणि एक ताटली घेऊन नळाखाली हात धरला. थेंब नाही. हात पुढे नेला, मागे घेतला, हलवला. थेंब नाही. नळाच्या बुडाशी एक बारीक लाल दिवा तेवढा लुकलुकत राहिला.

"डोळे लाल झाले बघा," स्वामी म्हणाले, आणि स्वतःचा उघडा हात पुढे केला. पाणी आलं. "मातोश्री माझ्यावर प्रसन्न आहेत. हिच्यावर कोपल्या आहेत."

सुनेला रडू आलं नाही, चीड आली. चीड कुणावर काढावी हेच कळेना. तीन आठवडे ती या नळाशी झुंजत होती. कधी तीनदा हात हलवल्यावर पाणी यायचं, कधी यायचंच नाही. खरकटी भांडी बादलीत घालून न्हाणीघरात न्यायची आणि तिथे उकिडवं बसून घासायची. आणि त्याच नळाखाली सासरे गेले की नळ लगेच हजर. नणंद माहेरपणाला आली, तिलाही हजर. शेजारीण काडेपेटी मागायला आली, तिलासुद्धा.

नळ आणला होता सासूबाईंसाठी. त्यांचे हात थरथरायचे, जुन्या नळाची चावी फिरायची नाही. वर्षभर त्यांनी लहान मुलासारखी मजा केली त्या नळाची. मग एका दुपारी चारच्या सुमाराला त्या गेल्या. शेवटी पाणी मागितलं होतं म्हणे. सासरे औषध आणायला गेलेले, सून पार्लरमध्ये कुणाच्या तरी केसांना कलप लावत होती. पाणी द्यायला शेजारीण धावली, तोवर उशीर झाला होता. कुणी काही बोललं नाही तरी सुनेच्या मनात ते सलत होतं. म्हणून नळ रुसला तेव्हा पहिल्याच दिवशी तिला वाटून गेलं होतं, खरंच रागावल्या असतील का?

सासरे रोज चारला बायकोचा पाणी प्यायचा गडू स्वतः घासत, निथळायला सिंकमधल्या जाळीवर आडवा ठेवत आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसत. जरा वेळाने आतून पाण्याचा आवाज येई. धावत येऊन पाहावं तर कुणी नाही. नणंदेने हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी स्वामींना घेऊन आली.

"मृतात्म्याची कंपनं जलतत्त्वात मिसळतात," स्वामी आता गर्दीला समजावत होते. "पाइपातून वर चढतात. तिसऱ्या मजल्यापर्यंत यायला त्यांना सात दिवस लागतात."

लिफ्ट बंद असते म्हणून असेल, असं सुनेच्या मनात आलं.

"काल सांगितलात तोच उपाय?" सासऱ्यांनी विचारलं.

"तोच. हिने सहा महिने माहेरी राहायचं. मुलीने इथेच, आजीच्या सावलीत. गडू जागचा हलवायचा नाही. रोज घासायचा, लख्ख, तोंड दिसेल असा."

सुनेचा नवरा जहाजावर होता. सकाळीच त्याचा फोन येऊन गेला होता, "नाना म्हणतील तसं कर ना. उगाच वाद नको." दाराशी बॅग भरून ठेवलेली होती. बॅगेवर लेक बसली होती आणि काही केल्या उतरत नव्हती.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "नळाची तक्रार इथलीच ना? सरका जरा, पिशवी जड आहे."

पानामावशी आली होती. नळ, पाइप, टाक्या दुरुस्त करणारी बाई. हातात सदा पाना, म्हणून हे नाव. सुनेने तिला तीन आठवड्यांत नऊ फोन केले होते. नऊ वेळा मावशीने "येते, येते" म्हटलं होतं.

"आज आलीस होय मावशी," सून म्हणाली. "आता मीच चाललेय."

"जा की. नळ बघून जाते मी." मावशीने गर्दीकडे पाहिलं. "एवढी माणसं कशाला? सिंक पडलं का खाली?"

नणंदेने डोळे पुसत सगळं सांगितलं. मावशी ऐकताऐकता ओट्याखालचं कपाट उघडून आत शिरलीसुद्धा.

"अहो बाई, हात लावू नका," स्वामी म्हणाले. "शक्ती आहे तिथे."

"सेल आहेत," आतून आवाज आला. "चार. मरायला टेकलेत बिचारे. नळ लावल्यापासून कुणी बदलले होते? लाल दिवा लुकलुकतो तो याचसाठी. पुस्तिकेत पहिल्याच पानावर आहे. पुस्तिका कुठंय?"

पुस्तिका खिडकीची फट बुजवायला घडी करून घातलेली होती.

मावशीने नवे सेल घातले, पाण्यातला कचरा अडवणारी पाइपातली बारीक जाळी काढून धुतली, मग ओल्या मऊ फडक्याने नळाच्या बुडाशी असलेली काळी काच पुसली. फडक्यावर पांढरा थर आला. "क्षार बसलाय. आठवड्याला पुसायचं. काथ्याने घासायचं नाही, काच आंधळी होते." मग सुनेकडे वळली. "हात धर."

सुनेने हात धरला. पाणी नाही. गर्दीतून एक सुस्कारा निघाला. स्वामींचा चेहरा फुलला.

"हातमोजे काढ."

"डॉक्टरांनी साबणाच्या पाण्यात उघडा हात घालायचा नाही म्हणून सांगितलंय. कलपाने कातडी गेलीय."

"साबण कुठंय इथं? काढ."

तिने मोजे काढले. लाल, भेगाळलेले हात पाहायला ओट्यावरच्या बायका पुढे वाकल्या. हात पुढे गेला आणि नळ सुटला.

"काळे मोजे कधीपासून?"

सून आठवू लागली. "पिवळे फाटले... सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात. मग पार्लरमधले आणले."

"या काचेमागून उजेड निघतो, आपल्याला न दिसणारा," मावशी म्हणाली. "हातावर आपटून परतला की नळ सुटतो. काळं रबर तो गिळून टाकतं, परत काय जाणार? लख्ख गडू निथळताना जाळीवर घरंगळून काचेसमोर आला की तो उजेड दुपटीने परत फेकतो. मिनिटभराने नळ आपला आपण मिटतो, घरात पूर येऊ नये म्हणून. धारेने गडू हलला की पुन्हा सुरू." तिने गडू जाळीवर ठेवला, पाणी आलं. त्यावर काळे मोजे टाकले, धार थांबली ती थांबलीच. मग तेच मोजे स्वामींपुढे धरले. "घाला."

"हा पोरखेळ..."

"घाला हो, प्रसन्न आहेत ना मातोश्री?"

गर्दीच रेटा देऊ लागली तेव्हा स्वामींनी मोजे घातले. हात धरला. नळ ढिम्म.

"आता तुमच्यावरही कोपल्या," ओट्यावरची एक बाई म्हणाली, आणि दुसरी हसताहसता घसरून खाली आली.

मावशी स्वामींकडे निरखून पाहत होती. "दाढी नव्हती तेव्हा. तुम्ही नळांच्या दुकानात होतात ना विकायला? असले पहिले नळ आले तेव्हा तुम्हीच मला शिकवलंत, समोर चकचकीत भांडं ठेवू देऊ नका म्हणून. चांगलं शिकवलं होतंत हो."

स्वामींनी मागे न पाहता जिना गाठला.

गर्दी पांगली. नणंद तिथेच बसून राहिली. "म्हणजे आई आलीच नव्हती?" तिने विचारलं. सून तिच्याजवळ बसली.

सासऱ्यांनी दाराशी जाऊन बॅग उचलली. "तू कुठे जायचं नाहीस, पोरी. चुकलं आमचं."

सुनेने मान वर केली. "नाना, मावशीला कारण सापडलं नसतं तर?"

"म्हणजे?"

"तर मी दोषी होते ना? चार सेलांनी मला सोडवलं. तुम्ही नाही."

सासऱ्यांनी बॅग आत नेली, एकेक कपडा काढून स्वतः कपाटात लावला, आणि संध्याकाळी मुलाला फोन करून सगळं, आपल्या मूर्खपणासकट, सांगितलं.

ऐकणाऱ्यांनो, माझं सांगणं एवढंच. वस्तू वेड्यासारखी वागली तर आधी सेल बघा, काच पुसा, पुस्तिका वाचा, जाणत्या माणसाला बोलवा. तरीही उलगडा झाला नाही तर "कळत नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही. देवालाही खरं बोललेलं आवडतं. पण न कळण्याची ती रिकामी जागा घरातल्या कुणा बाईला दोष देऊन भरू नका.

आणि आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या गेलेल्या सासूबाईंची आठवण ठेवा. सून कामावरून उशिरा आली तरी तिच्यासाठी जेवायला थांबायच्या त्या, आणि तिच्या हातांना मलम लावून द्यायच्या, हात थरथरत असूनही. असल्या बाईला घरच्यांनी आणि आम्ही शेजाऱ्यांनी तीन आठवडे रागीट भूत करून ठेवलं होतं. तेवढी त्यांची माफी आमच्या वतीने मागा.