मी कूस बदलतो तेव्हा

नाक दाबून का होईना, पण ऐका. मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तरेकडचं एक तळं बोलतोय.

हिमयुग सरताना बर्फाचा एक अवाढव्य तुकडा इथे रुतून बसला, वितळला आणि मी झालो. लोक मला शांत म्हणतात. खरं सांगू? मी आळशी आहे. उन्हाळाभर माझं कोमट पाणी वर लोळत असतं आणि गार, जड पाणी तळाशी पडून असतं. दोघांचं एकमेकांत मिसळणं नाही. तळाला हवा पोचत नाही, पडलेली पानं आणि शेवाळ तिथेच कुजतं, म्हणून मासेही तिकडे फिरकत नाहीत.

शरदात वरचं पाणी गारठून जड होतं आणि खाली बसायला लागतं. त्यात वारा सुटला की वरखाली सगळं एक! तळचा कुजका वास वर येतो, पाणी गढूळ होतं. ठरल्या जागी सापडणारे मासे चहूकडे पांगतात. सगळीकडे हवा मिळाल्यावर कोण एका कोपऱ्यात बसेल? गळवाले रिकाम्या हातांनी परततात आणि चाऱ्याला नावं ठेवतात. मला हसू आवरत नाही.

एरवी मी हळूच कूस बदलतो, कुणाला पत्ताही लागत नाही. यंदा सप्टेंबर अखेरपर्यंत तापला आणि मग एकाएकी गारठा, वर सोसाट्याचा वारा. मीही मग एकदम उलटलो. थोडा मुद्दामच.

माझ्या काठावर आर्डेल हॉवलंड राहते. जन्मभर टपाल वाटून निवृत्त झालेली. शेजारी वेंडेल किविस्तो, एकटाच. होडी तिची, इंजिन त्याचं, त्यामुळे वीस वर्षं मासेमारी जोडीनंच. वास आला तशी ती कुंपणाशी जाऊन उभी राहिली.

"वेंडेल, तुझी सेप्टिक टाकी फुटलीय! तीन वर्षं सांगतेय, उपसून घे, उपसून घे!"

"माझी टाकी ठणठणीत आहे. तू तुझं नाक तपासून घे."

"सोमवारी काउंटीच्या सरकारी कचेरीतल्या माणसालाच बोलावते. तोच तपासेल."

वेंडेलचा चेहरा उतरला. "तो कशाला? मीच उकरून दाखवतो तुला."

शनिवारी सकाळी आर्डेल रागारागाने एकटीच वल्ही मारत निघाली. नेहमीच्या जागी एकही मासा लागेना. शेवटी तिने माझ्या सगळ्यात खोल डोहात गळ सोडला. उन्हाळ्यात तिथे सोडलेली चाऱ्याची मासळी मरूनच वर येते. आज ती तडफडत, जिवंत वर आली. आर्डेलने पुन्हा सोडली. पुन्हा जिवंत!

"अरे देवा," ती म्हणाली, "पाणी पालटलंय!"

तिने वळून काठाकडे पाहिलं. वेंडेल फावडं घेऊन टाकीवरच्या पिओनीच्या फुलझुडपांत उभा होता.

"थांब! खणू नकोस!" ती ओरडली, पण वारा उलटा होता. ती जीव खाऊन वल्ही मारत होती आणि माझ्याच लाटा तिला मागे ढकलत होत्या. मला माझीच लाज वाटली.

ती पोचली तेव्हा पाचही झुडपं उपटलेली होती. टाकीचं झाकण उघडं पडलं होतं. कोरडं, धड, कुठे तडासुद्धा नाही. आर्डेलने बादली पुढे केली.

"चाळीस फूट खोल सोडली होती. जिवंत आलीय."

वेंडेल जुना गळवाला. त्याने मासळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "म्हणजे वास..."

"तळ्याचा. चूक माझी, वेंडेल. साफ माझी."

तो खड्ड्याच्या कडेला बसला. "ही झुडपं मार्लिसने लावली होती. गेली त्याच वर्षी. ती उकरावी लागतील म्हणून टाकी उपसत नव्हतो."

बायकोची आठवण त्याने मातीत जपली होती आणि ती आर्डेलच्या जिभेपायी उपटली गेली. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेका मुळावरची माती हाताने पुसू लागली.

"पिओनी याच दिवसांत हलवतात," ती हळूच म्हणाली. "मरणार नाहीत. कुठे लावू, सांग."

तो फावडं घेऊन उठला. मग म्हणाला, "स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. आणि खोल पुरू नकोस, फुलं धरत नाहीत."

चार लावून झाली. पाचवं त्याने तिच्या हातात ठेवलं. "हे तुझ्या अंगणात. टाकीवर नको म्हणजे झालं."

आता माझं पाणी निवळलंय, काठाशी बर्फ धरू लागलंय. शरदात मला वास आला तर आठ-दहा दिवस दम धरा, गळ खोल पाण्यातही टाकून बघा आणि शेजाऱ्याला बोल लावू नका. आर्डेल "चूक माझी" म्हणाली, तेव्हा खरी चूक कुणाची हे मला ठाऊक होतं. पण मी तोंड उघडलं नाही. आज उघडलं.