बारदानाच्या पिशव्या

एक्याऐंशी साली भिंगरीच्या बापाने मळणीचं यंत्र आणलं आणि खळ्यालगतच्या दोन खोल्यांत भुशाने कायमचा मुक्काम ठोकला. पाण्याच्या हंड्यात भुसा, कणकेत भुसा, उशीत भुसा.

सहा वर्षांची लेक दिवसभर डोळे चोळायची. एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. पण चोळायला बसली की हलायची नाही. मुठींनी चोळायची, मनगटांनी चोळायची, नाहीतर डोकं खाली घालून गुडघ्यांवर घासायची.

"अगं, डोळे आहेत का कणीक? किती मळशील?" आई ओरडायची.

"एवढंच गं. मग थांबते."

थांबतेय कसली!

"यंत्र जरा लांब न्या की," आई नवऱ्याला म्हणाली.

"लांब कुठं नेऊ? जागा एवढीच. आणि बंद ठेवलं तर खायचं काय, भुसा?" त्याचेही डोळे लालच होते. "मोठी झाली की सुटेल सवय."

शेवटी आईने धान्याच्या पोत्याचं बारदान कापून दोन पिशव्या शिवल्या, पोरीच्या हातांत चढवल्या आणि मनगटाशी नाडी आवळली. पोरगी दोन दिवसांत गप्प झाली. आईला वाटलं, जिंकले. शेजारणीच्या पोरीलाही तिने हौसेने एक जोड शिवून दिला.

चार मळण्या गेल्या. एका सकाळी भिंगरी म्हणाली, "आई, आपल्या कोंबड्या दुप्पट कधी झाल्या?"

शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. "डोळे चोळते का?"

"छे! मी हात बांधते ना." आईने मोठ्या तोऱ्यात थैलीतून पिशव्या काढल्या.

बाईंनी एक पिशवी स्वतःच्या हातावर घासली. लाल ओरखडा उठला.

"यांनी मस्त खाजवता येतं," भिंगरी म्हणाली. "बोटांपेक्षा मस्त."



"बुबुळावर काचेसारखा पडदा असतो," बाई सावकाश म्हणाल्या. "लहान मुलांचा तर नाजूकच. चोळून चोळून तो पातळ झालाय, पुढे टोक आलंय. उजवा डोळा आता पहिल्यासारखा होणार नाही. डावा सांभाळा. थेंब घाला, खाज आली की गार पाण्याची घडी ठेवा. आणि हिला धुळीतून बाहेर काढा."

"बाहेर म्हणजे कुठं, बाई? आमचं दार उघडलं की खळंच."

बाईंनी थेंबांची चिठ्ठी लिहून दिली.

घरी आल्या आल्या आईने शेजारणीकडचा जोड मागून आणला आणि चारही पिशव्या चुलीत घातल्या. मग खिडक्या लावून, पोरीच्या डोळ्यांवर ओली घडी ठेवून, तिचे दोन्ही हात धरून बसली. बाहेर यंत्र धडधडत होतं.

"किती वेळ गं आई?"

"मळणी संपेपर्यंत."

"मग?"

"मग पुढची मळणी येईल."

यंत्र पुढे सतरा वर्षं तिथेच चाललं. बाप दम्याने गेला. शेजारणीच्या पोरीचे डोळे वाचले. भिंगरीचा डावा डोळा टिकला. उजव्यावर कुणा मेलेल्या माणसाचा पडदा बसवला, त्याने निदान माणसं ओळखू येतात. ती आता गावातच कपडे शिवते. म्हाताऱ्या झालेल्या आईच्या डोळ्यांना हल्ली सारखी खाज सुटते. मग भिंगरी शिवण बाजूला सारते, तिचे दोन्ही हात धरून बसते आणि म्हणते, "डोळे आहेत का कणीक?"