गुणाजीचा पंचेचाळीस टक्के दम

श्रीवर्धनात पोफळीवर चढावं तर गुणाजीनं. एका झाडाची सुपारी उतरवली की शेंडा हेलकावत तो परस्पर दुसऱ्या झाडावर जायचा, खाली यायचं नावच नाही. अशा गड्याला आरोग्य शिबिरातल्या यंत्रानं आडवा केला! त्यानं नळीत फुंकलं आणि नर्स सुचिता म्हणाली, "काका, दम पंचेचाळीसच टक्के आहे."

झालं! सकाळी दहा झाडं करून आलेला माणूस घराची पायरी चढताना धापा टाकू लागला. दुसऱ्या दिवशी तर पुरुषभर उंचीवरच छाती अशी कोंडली, की झाडाला मिठी मारून तो रडकुंडीला आला.

वाडीचे मालक दिनानाथशेठ खालून खो खो हसले. "अरे, मनाचे खेळ सगळे! मन आमच्यासारखं घट्ट हवं. सोमवारपर्यंत चढला नाहीस, तर रेवदंड्याहून दुसरा गडी आणतो बघ." पंचवीस वर्षं जपलेली झाडं दुसऱ्याच्या हाती जाणार म्हणून गुणाजीला अन्न गोड लागेना. त्यात ते हसणं फार झोंबलं.

रविवारी सुचिता यंत्र घेऊन घरीच आली. "काका, त्या दिवशी तोंडात काय होतं हो?"

"विडा. तुमच्यासमोर थुंकायचा कसा?"

"कर्म माझं! ओठ मिटलेच नाहीत, हवा सगळी कडेनं गेली." तिनं चूळ भरायला लावून पुन्हा फुंकवलं. आकडा आला अठ्ठ्याण्णव.

सोमवारी गुणाजी सरसर चढला, बारा झाडं करून उतरला. शेठचं पुन्हा सुरू. "पाहिलंस? धडधाकट माणूस आणि आकड्याला भ्याला. भित्रा लेकाचा!"

गुणाजीचं डोकंच फिरलं. शेठच्या तोंडाकडे निरखून बघत तो म्हणाला, "शेठ, ओठ निळे दिसतायत तुमचे. बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" म्हणत शेठ निघाले, पण हात छातीवर गेला. विहिरीपाशी ते थांबले, फाटकाशी मटकन बसले. "गुण्या, श्वास पुरत नाही रे."

गुणाजी आधी पोट धरून हसला, मग टरकला. "शेठ, गंमत केली हो! ओठ लालबुंद आहेत, आईशप्पथ!"

"धीर देतोस होय? भला माणूस तू." शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला घरी ने बाबा."

गुणाजीनं त्यांना पाठुंगळी घेतलं. अर्ध्या वाटेवर शेठ त्याच्या कानाशी धापा टाकत म्हणाले, "रेवदंड्याच्या गड्याला आजच निरोप धाडतो. उद्यापासून तू झाडाला हात लावायचा नाहीस. दमाचा काय भरवसा, गुणाजी!"